मालक नाही, कारभारी (गीता ३.२० ते ३.२५)



काल आपण तिसऱ्या अध्यायात १९ व्या श्लोकापर्यंत आलो होतो. आज २० ते २५. हे सहा श्लोक एकत्रच वाचायला हवेत, कारण त्यांत एकच धागा आहे.

आधी थोडक्यात अर्थ पाहू. भगवंत अर्जुनाला जनक राजाचं उदाहरण देतात. जनक राज्य सोडून वनात गेला नाही, काम करत राहूनच सिद्धीला पोचला. मग एक शब्द येतो, लोकसंग्रह. म्हणजे लोकांना धरून ठेवणं, समाजाची घडी विस्कटू न देणं. पुढे सांगतात की मोठा माणूस जसा वागतो तसेच इतर वागतात, तो जे प्रमाण मानतो तेच लोक उचलतात. नंतर भगवंत स्वतःचंच उदाहरण देतात. मला मिळवायचं असं काहीही राहिलेलं नाही, तरी मी कामात आहे, कारण मी थांबलो तर माझ्यामागे सगळेच थांबतील. आणि शेवटी, अज्ञानी माणूस आसक्तीपोटी जेवढ्या हिरीरीने राबतो, तेवढ्याच हिरीरीने ज्ञानी माणसानेही राबावं, फक्त आसक्ती न ठेवता.

आता खरं सांगतो. ऑफिसात गीता म्हटलं की आपल्याला एकच गोष्ट ऐकवली जाते: फळाची अपेक्षा करू नकोस. तीही बहुतेक वेळा अप्रेझलच्या महिन्यात, आणि वरच्याने खालच्याला. पण हे सहा श्लोक खालच्या माणसासाठी नाहीतच. ज्याच्याकडे बघून दहा जण वागतात, त्याला उद्देशून ते आहेत. म्हणजे टीम लीड, मॅनेजर, मोठा भाऊ, सोसायटीचा सेक्रेटरी. म्हणजे मी.

मला हे कसं कळलं, ते सांगायला थोडी लाज वाटते, पण सांगतो.

मी लीड झालो त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. एका शुक्रवारी रात्री रिलीज होता. टीममधल्या सगळ्यात ज्युनिअर मुलीने केलेला एक बदल माझ्याकडे रिव्ह्यूला आला. मला घरी निघायची घाई होती. मी वरवर नजर फिरवली आणि अप्रूव्ह केला. पहाटे तीनला फोन. प्रॉडक्शन बंद. रोलबॅक करून सगळं सुरळीत व्हायला सकाळ झाली. सोमवारी क्लायंटबरोबर कॉल होता, चूक कुठे झाली याचा. तिथे मी म्हणालो की टीममध्ये एक जण नवीन आहे, तिच्याकडून ते राहून गेलं. वाक्य खोटं नव्हतं. पण अप्रूव्हचं बटण माझ्या बोटाने दाबलं होतं, ते मी सांगितलं नाही. ती मुलगी त्याच कॉलवर होती. म्यूटवर.

पुढच्या दोन महिन्यांत टीमचं काहीतरी बिघडलं. कोणी चूक स्वतःहून सांगेना. बग सापडला की आधी तो कोणाचा यावर वाद. प्रत्येक गोष्टीला ईमेलचा पुरावा. मी वैतागून बायकोला म्हणालो की ही पोरं जबाबदारीच घेत नाहीत. आणि त्याच आठवड्यात कंपनीच्या बसमध्ये मोबाईलवर हा २१ वा श्लोक समोर आला. मोठा जसा वागतो तसेच इतर वागतात. मी स्क्रीन बंद करून खिडकीबाहेर बघत बसलो. पोरं माझंच वागणं गिरवत होती.

त्या दिवसांत मी अहिल्याबाई होळकरांचं चरित्र वाचत होतो. त्याच्या थोडं आधी महेश्वरला जाऊन आलो होतो, तिथला घाट आणि तो साधा वाडा डोक्यातून जात नव्हता. जनक राजा पुराणातला, लांबचा वाटतो. अहिल्याबाई मात्र आपल्याच मातीतल्या. म्हणून आजचं चिंतन त्यांच्या आयुष्याच्या आधाराने.

चौंडीची मुलगी

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ सालचा. गाव चौंडी, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी, पण राजघराणं वगैरे नाही. १७३३ मध्ये, त्या काळच्या रीतीप्रमाणे अगदी लहान वयात, मल्हारराव होळकरांच्या मुलाशी, खंडेरावांशी त्यांचं लग्न झालं. मल्हाररावांनी देवळात या मुलीला पाहिलं आणि सून म्हणून निवडलं, अशी गोष्ट लोक सांगतात.

मल्हारराव हे स्वतःच्या हिमतीवर वर आलेले सरदार. पेशव्यांच्या फौजेतून चढत चढत त्यांनी माळव्यात दौलत उभी केली. त्यांचं आयुष्य घोड्यावर गेलं. पण एक गोष्ट त्यांनी फार डोळसपणे केली. घरात आलेल्या या सुनेची बुद्धी ओळखली आणि तिला कामाला लावलं. हिशेब, वसुली, पत्रव्यवहार, फौजेला रसद, सगळं. त्यांची अहिल्याबाईंना लिहिलेली पत्रं उपलब्ध आहेत. त्यांत तब्येतीची चौकशी कमी आणि तोफा, दारूगोळा, मुक्काम कुठे करायचा याच्या सूचना जास्त. सासऱ्याने सुनेला लिहिलेली ही पत्रं वाचताना वाटतं, कोणी तरी आपल्या भरवशाच्या डेप्युटीला काम नेमून देतोय.

आपण ज्याला आजकाल मेंटॉरिंग म्हणतो ते याहून वेगळं काय असतं? शिकवण्याचे वर्ग घेतले नाहीत. खरी जबाबदारी दिली, खरं काम दिलं.

१७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने ठार झाले. अहिल्याबाई तेव्हा तिशीच्याही आत. त्या सती जायला निघाल्या. मल्हाररावांनी त्यांना अडवलं, अक्षरशः विनवून अडवलं. आता तूच माझा मुलगा, अशा भावनेने. अहिल्याबाई थांबल्या. मला नेहमी वाटतं की त्यांचं पुढचं सगळं आयुष्य या एका क्षणातून आलं. आपण जे जगतोय ते आता आपलं नाही, कोणासाठी तरी राखून ठेवलेलं आहे, ही जाणीव तिथून सुरू झाली असावी. पुढच्या चाळीस वर्षांचं वागणं बघितलं की तसंच वाटतं.

खुर्ची कोणाची?

१७६६ मध्ये मल्हारराव आलमपूरला वारले. गादी नातवाला, म्हणजे अहिल्याबाईंच्या मुलाला, मालेरावांना मिळाली. वर्षभरात, १७६७ साली, तेही गेले. नवरा गेला, सासरा गेला, एकुलता एक मुलगा गेला. आणि बाहेर राज्य कोणाचं यावर हालचाली सुरू झाल्या.

दौलतीचे दिवाण होते गंगाधर यशवंत चंद्रचूड. त्यांचं म्हणणं, एखादं मूल दत्तक घ्यावं आणि कारभार आम्ही बघू. अहिल्याबाईंनी नकार दिला. मग त्यांनी राघोबादादांशी, म्हणजे पेशव्यांच्या काकांशी, संधान बांधलं. राघोबादादा फौज घेऊन माळव्याकडे आले.

इथे अहिल्याबाईंनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. त्या रडत बसल्या नाहीत आणि आततायीपणाही केला नाही. इतर मराठा सरदारांना पत्रं पाठवून पाठिंबा गोळा केला. स्वतःच्या फौजेची तयारी ठेवली. आणि पुण्याला थोरल्या माधवराव पेशव्यांकडे आपली बाजू मांडली. बायकांची फौज उभी करून त्यांनी राघोबादादांना निरोप धाडला, की बाईला हरवलंत तर कोणी वाहवा करणार नाही आणि बाईकडून हरलात तर तोंड दाखवता येणार नाही, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. निरोपाचे शब्द काहीही असोत, लढाई झाली नाही. माधवरावांनी अहिल्याबाईंचा हक्क मान्य केला.

आता पुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एवढं भांडून सत्ता मिळाल्यावर त्यांनी ती सगळी स्वतःकडे ठेवली नाही. फौज तुकोजी होळकरांच्या हाती दिली. तुकोजी मल्हाररावांचे विश्वासू सरदार, होळकर आडनावाचे, पण मल्हाररावांचे पुत्र नव्हेत. वयाने अहिल्याबाईंपेक्षा थोडे मोठेच, तरी ते त्यांना मातोश्री मानत. त्यांनी मोहिमा करायच्या आणि अहिल्याबाईंनी मुलकी कारभार, महसूल, न्याय बघायचा, अशी वाटणी झाली.

हे सगळं गोडीगुलाबीने चाललं असं समजू नका. तुकोजी दूर मोहिमेवर, त्यांना कायम पैसे कमी पडणार. अहिल्याबाई हिशेबाला कडक, त्या खर्चाचा तपशील मागणार. दोघांत कुरबुरी झाल्या, चांगल्याच झाल्या. ज्यांनी दोन मॅनेजरांच्या मध्ये काम केलंय त्यांना हे लगेच कळेल. पण १७६७ पासून १७९५ पर्यंत, २८ वर्षं, ती व्यवस्था मोडली नाही. मतभेद झाले म्हणून दुसऱ्याची खुर्ची ओढायची नाही, हा संयम दोन्ही बाजूंनी राहिला. आपल्याकडे दोन आर्किटेक्ट एका प्रोजेक्टवर सहा महिने टिकत नाहीत!

दोन वेगळे हिशेब

होळकरांच्या घरात पैशाचे दोन कप्पे होते. एक दौलत, म्हणजे राज्याचा पैसा. दुसरी खासगी, म्हणजे घरातल्या स्त्रियांच्या नावे असलेल्या जहागिरीचं उत्पन्न. ही खासगी आधी सासूबाई गौतमाबाईंकडे होती, नंतर अहिल्याबाईंकडे आली. ती त्यांची हक्काची मिळकत. तिचं काहीही करायचा त्यांना अधिकार होता.

त्यांनी काय केलं? स्वतः विधवेच्या साध्या पांढऱ्या वस्त्रात राहिल्या आणि या खासगीतून भारतभर देवळं, घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. काशी विश्वनाथाचं आजचं मंदिर त्यांनी १७८० मध्ये उभारलं. सोमनाथला जुन्या भग्न मंदिराजवळ नवीन मंदिर बांधून १७८३ मध्ये पूजा पुन्हा सुरू केली. गयेचं विष्णुपद मंदिर १७८७ चं. काशीचा मणिकर्णिका घाट, आपल्याकडे वेरूळचं घृष्णेश्वर. उत्तरेला केदारनाथपासून दक्षिणेला रामेश्वरपर्यंत त्यांच्या कामाच्या खुणा आहेत.

यातली बरीचशी ठिकाणं त्यांच्या राज्यात नव्हतीच. तिथल्या रयतेकडून एक पैसा महसूल मिळणार नव्हता, तिथे त्यांचं राज्यही वाढणार नव्हतं. आणि बांधून झालं की पाटी लावून मोकळं, असंही नव्हतं. रोजच्या पूजेची, देखभालीची, अन्नछत्राची तरतूद करून ठेवायच्या. दूर दक्षिणेतल्या देवळांपर्यंत गंगाजलाच्या कावडी पोचवायची व्यवस्था त्यांनी लावली होती. आम्ही सॉफ्टवेअरवाले नवीन फीचर लाँच करतो, केक कापतो आणि मेंटेनन्सला माणूस ठेवायचं विसरतो. त्यामुळे मला त्या कावडींचं फारच अप्रूप वाटलं.

मल्हाररावांनी साठवलेल्या खजिन्यावर अहिल्याबाईंनी तुळशीपत्र ठेवलं आणि तो धर्मकार्याला वाहिला, असं सांगतात. राजाज्ञांवर त्या स्वतःचं नाव न घालता श्री शंकराचं नाव लिहीत, असंही परंपरा सांगते. राज्य शंकराचं, मी त्याची कारभारीण. माझ्या मते आजच्या श्लोकांचं हे सगळ्यात सोपं भाष्य आहे. सही करताना हे माझं नाही असं ज्याला रोज आठवतं, तो त्या सहीचा गैरवापर कसा करेल? आणि जे माझं नाही ते बिघडलं तर जास्तच काळजी घ्यावी लागते. शेजाऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू आपण स्वतःच्या वस्तूपेक्षा जपून ठेवतो ना, तसं.

अनासक्ती म्हणजे बेफिकिरी, असा माझा अनेक वर्षं गैरसमज होता. अहिल्याबाईंचा दिवस पाहिला की तो जातो. पहाटेच्या आधी उठणं, पूजा, पोथीश्रवण, दानधर्म, साधं जेवण. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो संध्याकाळी सहापर्यंत. मग पुन्हा पूजा, थोडं खाणं, आणि रात्री नऊला परत काम, अकरापर्यंत. त्या पडद्याआड बसत नसत. कोणीही येऊन फिर्याद सांगू शके. ज्याला फळाची ओढ नाही तो माणूस इतका वेळ कचेरीत का बसेल? २५ व्या श्लोकात भगवंत हेच सांगतात. काम तेवढंच, किंबहुना जास्त. फक्त त्यातला 'माझं काय' हा भाग काढून टाकायचा.

त्यांनी माणसं कशी सांभाळली

हे सगळं आपल्याला इतक्या बारकाईने कळतं त्याचं मोठं श्रेय एका इंग्रज अधिकाऱ्याला जातं. सर जॉन माल्कम. १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांच्याच फौजेविरुद्ध लढलेला हा माणूस. नंतर माळव्याची व्यवस्था त्याच्याकडे आली. त्याने अहिल्याबाईंना पाहिलेल्या लोकांकडून माहिती जमवली. १८२३ मध्ये मध्य भारतावरचा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात हे सगळं आहे. त्याला आधी वाटलं की लोक भक्तीपोटी वाढवून सांगत असतील. पण जितकी जास्त चौकशी केली, तितका त्याचा आदर वाढत गेला. शत्रूच्या गोटातल्या माणसाची ही साक्ष आहे.

त्यातले तीन प्रसंग मला माझ्या कामासाठी फार उपयोगी वाटले.

पहिला. एक श्रीमंत सावकार निपुत्रिक वारला. त्याच्या विधवेला मुलगा दत्तक घ्यायचा होता. तिथल्या अधिकाऱ्याने अडवलं, सरकारला मोठा नजराणा द्या तरच मंजुरी. ती बाई मुलाला घेऊन थेट महेश्वरला आली. अहिल्याबाईंनी त्या अधिकाऱ्याला काढून टाकलं, दत्तक मंजूर केलं, मुलाला मांडीवर घेतलं, कपडे दागिने देऊन परत पाठवलं. लक्षात घ्या, त्या अधिकाऱ्याने पैसा स्वतःसाठी नाही, सरकारसाठी मागितला होता. आपल्या भाषेत, त्याने टार्गेटच गाठलं असतं. तरी तो गेला. कारण जे वरचा खपवून घेतो तेच खालपर्यंत प्रमाण होतं.

दुसरा. डोंगरातले भिल्ल व्यापाऱ्यांचे तांडे लुटत. आधी अहिल्याबाईंनी कडक उपाय केले. नंतर वेगळा मार्ग काढला. आपल्या डोंगरातून जाणाऱ्या मालावर थोडा कर घ्यायचा भिल्लांचा जुना हक्क होता, तो त्यांनी मान्य केला. आणि बदल्यात अट घातली की तुमच्या हद्दीत चोरी झाली तर जबाबदारी तुमची, माल तुम्ही शोधून द्यायचा. ज्यांच्यापासून रस्त्याला धोका होता तेच रस्त्याचे राखणदार झाले. माणसाला नुसता दोष देण्यापेक्षा त्याला हक्क आणि जबाबदारी एकत्र दिली तर काय होतं, ते इथे दिसतं.

याच्याच जोडीला आणखी एक. त्या माणसं सारखी बदलत नसत. इंदूरचा कमाविसदार, म्हणजे तिथला महसूल बघणारा अधिकारी, वीस वर्षांहून जास्त काळ एकच होता. रयतेवरचा सारा बेताचा ठेवला. आज मुंबईला आणि उद्या बदली, असं झालं की अधिकारी ओरबाडतो. इथेच राहायचंय म्हटलं की तो जपून वागतो.

तिसरा प्रसंग माझा आवडता. एका ब्राह्मणाने अहिल्याबाईंची स्तुती करणारा एक ग्रंथ लिहिला आणि वाचून दाखवायला आणला. त्यांनी शांतपणे शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग आपण इतक्या स्तुतीला पात्र नाही असं म्हणून तो ग्रंथ नर्मदेत सोडायला सांगितला, आणि त्या लेखकाकडे पुन्हा लक्षही दिलं नाही. मी हे वाचलं तेव्हा लिंक्डइनवर टाकायची एक पोस्ट माझ्या ड्राफ्टमध्ये पडून होती. टीमच्या यशाबद्दल होती, पण त्यात 'मी' हा शब्द नऊ वेळा होता. मोजला मी.

दुःख चुकलं नाही

एवढं पुण्य केल्यावर शेवट तरी गोड व्हावा असं आपल्याला वाटतं. तसं झालं नाही. मुलगी मुक्ताबाई आणि जावई यशवंतराव फणसे हाच अहिल्याबाईंचा उरलेला आधार. आधी नातू गेला. मग १७९१ मध्ये यशवंतरावही वारले. मुक्ताबाई सती जायला निघाल्या. अहिल्याबाईंनी लेकीची परोपरीने विनवणी केली. एकदा सासऱ्याने आपल्याला असंच अडवलं होतं. पण इथे विनवणी कामी आली नाही. चितेजवळ त्यांना दोघांनी धरून ठेवलं होतं असं वर्णन आहे. पुढे तीन दिवस त्या जवळजवळ काही खाल्ल्या नाहीत, बोलल्या नाहीत.

आणि मग पुन्हा कारभाराला बसल्या.

भक्ती केली की आयुष्यात काही वाईट होत नाही, असं सांगणारे मेसेज रोज फॉरवर्ड होतात. अहिल्याबाईंचं चरित्र ते खोटं ठरवतं. भक्तीने त्यांचं दुःख थांबवलं नाही. दुःखानंतरही उठून दुसऱ्याची फिर्याद ऐकायची ताकद मात्र दिली. वारस उरला नव्हता. ज्याच्यासाठी माणूस साधारणपणे सगळं साठवतो, असं कोणीच उरलं नव्हतं. तरी काम थांबलं नाही, कारण ते मुळात वारसासाठी चाललंच नव्हतं. मला मिळवायचं काही राहिलेलं नाही तरी मी कामात आहे, या भगवंताच्या बोलण्याचा माणसाच्या पातळीवरचा अर्थ मला इथे कळला.

१३ ऑगस्ट १७९५ ला, वयाच्या सत्तराव्या वर्षी त्या गेल्या. महेश्वरच्या वाड्यात त्यांची गादी आजही ठेवलेली आहे. इतकी साधी की पहिल्यांदा मी ती बघून तसाच पुढे गेलो होतो, गाईडने मागे बोलावलं. वाड्याखाली नर्मदेचा घाट. गावात विणकरांचे माग. महेश्वरी साडीचा हा उद्योग अहिल्याबाईंनी विणकरांना आणून वसवला. त्यांना जाऊन दोनशेहून जास्त वर्षं झाली, तरी त्या मागांवर घरं चालतात. लोकसंग्रह म्हणजे आणखी काय?

मग मी काय केलं

काही फार मोठं नाही. पुढच्या आठवड्याच्या टीम मीटिंगमध्ये सांगितलं की त्या रिलीजचा बदल मी न वाचता अप्रूव्ह केला होता आणि कॉलवर ते लपवलं. सांगताना घसा कोरडा पडला. नुसतं टीमसमोर सांगून भागणार नव्हतं, कारण नाव तिचं क्लायंटसमोर गेलं होतं. म्हणून कॉलवर असलेल्या सगळ्यांना, माझ्या मॅनेजरसकट, तीन ओळींची मेल केली. मॅनेजरचा फोन आला, आता हे उकरून काढायची गरज होती का? त्या वर्षीचं माझं रेटिंग एक पायरी खाली आलं. मेलमुळेच आलं की नाही, त्याचा शोध मी घेतला नाही.

त्या मुलीची मी वेगळी माफी मागितली. ती 'इट्स ओके सर' म्हणाली, जसं आपण सगळे म्हणतो. काही महिन्यांनी तिने दुसरी कंपनी धरली. तिने मनापासून माफ केलं की नाही हे मला ठाऊक नाही, आणि तो आग्रह धरणं म्हणजे पुन्हा फळाची अपेक्षाच झाली.

पण महिन्याभराने एक गोष्ट झाली. स्टँडअपमध्ये एका पोराने स्वतःहून सांगितलं की काल माझ्याकडून टेस्ट डेटा उडाला, मी परत भरतोय, दोन तास लागतील. बस्स, एवढंच. कोणी बोट दाखवलं नाही. मी मनातल्या मनात हात जोडले.

अहिल्याबाईंकडे राज्य होतं, आपल्याकडे सहा जणांची टीम. त्यांची बरोबरी करायचा प्रश्नच नाही. पण सही प्रत्येकाकडे असते. कोड रिव्ह्यूवरची असेल, रजेच्या अर्जावरची असेल, घरातल्या किराणा हिशेबावरची असेल. ती सही आपली नाही, आपल्याकडे सांभाळायला दिलेली आहे.

आजचा संकल्प

आज दिवसभरात ज्या पहिल्या गोष्टीला मंजुरी द्याल, ती देण्याआधी पाच सेकंद थांबा. मनात म्हणा, हे माझं नाही, मी फक्त कारभारी आहे. मग नीट वाचा आणि मग मंजूर करा. आणि एखादी जुनी चूक दुसऱ्याच्या नावावर ढकलून ठेवलेली असेल, तर आजच ती परत आपल्या नावावर घ्या.

उद्या २६ वा श्लोक. न समजलेल्या माणसाचा बुद्धिभेद करू नये असं भगवंत म्हणतात. नवीन जॉइन झालेल्यांशी ज्ञान पाजळणाऱ्या सगळ्या सीनिअर मंडळींनी जरूर यावं. मीही असेनच.

श्रीकृष्णार्पणमस्तु.